ब्लोअर चालू झाल्यावर

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता, सिंगापुरातल्या पुंगोलहून तुआसकडे जाताना, मधुवंती सरदेसाईच्या गाडीतला ब्लोअर बंद पडला. एसीचा कॉम्प्रेसर चालू होता, पण गार हवा आत ढकलणारा पंखा थांबला होता. तिने काचा खाली केल्या. मग एक्स्प्रेसवेच्या कडेला गाडी घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि नवऱ्याला फोन केला.

"पंखा गेला," ती म्हणाली.

"आणि डोळे?" मुकुलने विचारले.

"धूर भरल्यासारखे. गार झालं की येतील ताळ्यावर."

मधुवंतीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. अंग तापले की तिची दृष्टी अंधुक होई आणि गार झाले की परत येई. डॉक्टरांनी तिला गाडी चालवायला मनाई केली नव्हती. अट घातली होती. गाडी गार असली पाहिजे. आणि गार होऊनही दिसेना, तर तो उष्णतेचा परिणाम नव्हे, आजार पुढे सरकल्याची खूण. मग चावी ठेवून द्यायची आणि त्यांना फोन करायचा.

ती तुआसच्या टोकाला एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होती. २००७ साली तिथवर एमआरटीची ट्रेन जात नव्हती. बस उतरवून देई तिथून कारखान्याच्या फाटकापर्यंत उन्हातून चालावे लागे, आणि पोचेपर्यंत तिचे पाय जड होत. टॅक्सी जाताना मिळे, येताना तासभर मिळत नसे. मुकुलला गाडी चालवता येत नव्हती. शेंटन वे रस्त्यावरच्या बँकेत तो ट्रेनने जाई; शिकण्याची वेळच आली नव्हती. गाडी थांबली की नोकरी थांबणार, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यावर बोलणे होत नसे.

ब्लोअर महिनाभर कुरकुरत होता. तीन नंबरवर ठेवला तरी एकचा वारा यायचा. डोळ्यांची तक्रारही त्याच महिन्यातली. दोन्ही गोष्टी एकदम सुरू झाल्या म्हणून त्यांनी एकीचे कारण दुसरीत पाहिले. हिशोब सरळ होता: पंखा सुधारला की डोळे सुधारतील.

गॅरेजवाल्याने गाडीची कागदपत्रे पाहिली आणि बॉनेटही उघडले नाही. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचा परवाना असतो. या गाडीचा पुढच्या वर्षी संपत होता. "ऑलमोस्ट टेन इयर्स अल्रेडी. स्क्रॅप लाह," तो तिथल्या इंग्रजीत म्हणाला. नवा भाग जपानहून मागवावा लागला असता.

म्हणून रविवारी सकाळी त्यांच्याच ब्लॉकमध्ये राहणारा प्रबोध कार पार्कच्या चौथ्या मजल्यावर गाडीत डोके घालून उताणा पडला होता. तो विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक होता. मोडीत निघालेल्या तशाच एका गाडीची मोटर त्याने शोधून आणली होती.

"वहिनी, माझी पीएचडी पंख्याच्या पात्यांवरून वाहणाऱ्या हवेवर आहे," तो आतून म्हणाला. "खऱ्या पंख्याला आज पहिल्यांदा हात लावतोय."

"तरीच," मुकुल म्हणाला. "चार स्क्रूंना पाऊण तास."

"दादा, तुम्ही बँकवाले. तुम्ही फक्त टॉर्च धरा. आणि तो माझ्या डोळ्यांत नको, स्क्रूवर."

"या मोटरवर हीटर ब्लोअर लिहिलंय. आपल्याला हीटर नकोय."

"पंखा एकच असतो. त्याला काय माहीत आपण कुठे राहतो?"

मधुवंती खांबाला टेकून उभी होती. तिने पाण्याची बाटली मानेला लावून धरली होती.

डाव्या बाजूचा कप्पा निघाला, त्यामागची प्लॅस्टिकची टोपी निघाली आणि जुनी मोटर प्रबोधच्या छातीवर आली. पिंजऱ्यासारखा गोल पंखा काळ्या लगद्याने अर्धा भरला होता. त्याने पेचकसाने उकरले. लगद्यातून सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, आपट्याच्या पानाच्या शिरा निघाल्या आणि तांदूळ निघाले. फुगून, कुजून, पुन्हा वाळलेले. काहींवर कुंकवाचा रंग अजून होता.

"हे काय?" प्रबोधने विचारले.

मग मधुवंती हसायला लागली.

दर दसऱ्याला ती याच मजल्यावर गाडीची पूजा करायची. बॉनेटवर स्वस्तिक, हार, आणि अक्षता मुद्दाम वायपरच्या मुळाशी, म्हणजे गाडी चालू लागल्यावर उडून जाऊ नयेत. तिथेच बाहेरची हवा आत घेणारी जाळी असते. पावसाच्या पाण्याबरोबर सगळे खाली उतरले होते.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "मीच मारला पंखा."

"श्रद्धेने मारलास," मुकुल म्हणाला. "आता यंदा पूजा डिकीची."

"डिकीत तू बसतोस का? मग करते."

कित्येक दिवसांत ती इतकी हसली नव्हती. चूक तिची होती, ती हातात धरून दाखवता येत होती आणि पेचकसाने काढता येत होती.

दुसरी मोटर बसली. प्रबोधने चावी फिरवली आणि बटण चारवर नेले. हवेचा लोट आला, त्याबरोबर उरलेली पाकळ्यांची धूळ मुकुलच्या तोंडावर. तिघांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे गाडी लावणाऱ्या बाईने वळून पाहिले.

मधुवंती चालकाच्या जागी बसली. काचा बंद, ब्लोअर चारवर. मुकुल शेजारी, प्रबोध मागे. हातांवर काटा येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

"समोरच्या खांबावर काय लिहिलंय?" मुकुलने विचारले.

"फोर बी."

"कसं दिसतंय?"

"छान. चला, एक चक्कर मारू. सेलेटारपर्यंत."

ती रोजच्या एक्स्प्रेसवेवर आली. रविवारची दुपार, रस्ता मोकळा. मधल्या लेनमध्ये तिने बेताचा वेग धरला. मुकुल हिरव्या पाट्या विचारत गेला आणि ती सांगत गेली. जालान कायू. पुढे यिओ चू कांग. प्रत्येक उत्तर बरोबर होते. मुकुल मागे वळून प्रबोधला म्हणाला, "तुझी पीएचडी वसूल."

तेवढ्यात डाव्या कडेला नारिंगी पाटी आली. रस्त्याच्या कामाची, तात्पुरती, मोठ्या काळ्या अक्षरांची.

"आणि ही?" प्रबोधने सहज विचारले.

मधुवंती समोर पाहत गाडी चालवत राहिली.

"वहिनी, नारिंगी पाटी."

"कुठली?"

पाटी मागे गेली. पुढे दुसरी आली, तीच सूचना, आणखी मोठी. मधली लेन बंद होत असल्याची. मुकुलने ती वाचली आणि मग बायकोकडे पाहिले. ती पापण्या मिटून उघडत होती, पुन्हा मिटून उघडत होती. गाडी लेनमध्ये सरळ होती.

"मधू, डावीकडे घे," मुकुल हळू म्हणाला. "डावीकडे कोणी नाही. आता. अजून थोडं. आता ब्रेक."

गाडी कडेला थांबली. ब्लोअर चारवरच होता. आत इतके गार होते की काचांना बाहेरून पाणी सुटले होते.

"खांबावरचं?" मुकुलने विचारले.

"तिथे फोर बीच असतं ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला खरंच वाटलं मी वाचतेय."

प्रबोध उतरून चालकाच्या दाराशी आला. तिने पट्टा सोडला, पण लगेच उठली नाही. पंख्यासमोर हात धरून बसून राहिली. हवा येते आहे का ते तपासावे, तसा.

"थोडा वेळ अजून थांबू," ती म्हणाली. "कदाचित अजून गार व्हायला हवं."

ते थांबले. मुकुलने समोर थांबलेल्या लॉरीचा नंबर विचारला. तिने पहिले अक्षर सांगितले. ते चुकले होते. त्याने दुसऱ्यांदा विचारले नाही.

परतताना प्रबोधने गाडी चालवली. मधुवंती मागे बसली. पंखा बंद करू का, असे प्रबोधने विचारले; ती नको म्हणाली.

सोमवारी दवाखाना उघडताच मुकुलने फोन केला. डॉक्टरांनी त्याच दुपारी बोलावून घेतले, डोळ्यांमागच्या नसा तपासल्या आणि मेंदूचा स्कॅन करायला सांगितला. स्टेरॉइडची सलाइन सुरू झाली. यातून दृष्टी किती परत येते, असे मुकुलने विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की काहींची येते.

कारखान्याने तिला त्या महिन्याअखेरपर्यंत रजा दिली. त्यानंतर प्रयोगशाळेत कोणाला नेमायचे, असे विचारणारा मेल शुक्रवारी आला. मुकुलने तो तिला वाचून दाखवला. उत्तर अजून गेलेले नव्हते.