भिंतीपलीकडचं पार्सल

चाईयुनचा जीव त्या आठवड्यात थाऱ्यावर नव्हता. वाडग्यातला भात तसाच निवून जायचा. चूल पेटवायची आणि कशासाठी पेटवली तेच विसरायची. घडोघडी मोबाईल काढून तोच निरोप वाचायची: यूनवू गावचं केंद्र, रोजची सरासरी तेवीस पार्सलं, किमान तीस हवीत, येत्या सात दिवसांत तेवढी न भरल्यास केंद्र बंद.

केंद्र म्हणजे तरी काय? तिच्या किराणा दुकानाचा एक कोपरा, एक वजनकाटा आणि बॅटरीवर चालणारी एक तीनचाकी. पण ती तीनचाकी थांबली, तर अठरा किलोमीटरचा घाट उतरून बाजारगावाला जायचं कोणी? गावात उरलेली सगळी माणसं साठीच्या पुढची. पोरांनी शहरातून धाडलेली औषधं, गुडघ्याचे पट्टे, नातवंडांचे फोटो, सगळं त्या तीन चाकांवर वर यायचं. आणि सुकवलेले बांबूचे कोंब नि चहा त्याच चाकांवरून खाली जायचा.

बरं, केंद्र चालवणारी पार्सल-कंपनी तरी परक्याची? शेजारच्याच खोऱ्यातल्या लाईची! तीस वर्षांपूर्वी त्याच्यापाशी टपालाच्या दोन थैल्या आणि एक सायकल होती. चाईयुन आणि तिचा नवरा त्या थैल्या घेऊन आगगाडीनं शांघायला जायचे. थैलीवरचा हात सोडायचा नाही, एवढीच नोकरी. परत आल्यावर लाई तिच्याच चुलीपाशी बसून शेवया ओरपायचा आणि म्हणायचा, "वहिनी, एक दिवस मी डोंगरातल्या शेवटच्या घरापर्यंत पोचणार बघा." आता नवरा राहिला नव्हता, आणि लाईची स्वतःची विमानं होती, शेपटावर निळी पाकोळी रंगवलेली. चाईयुननं मोठ्या कचेरीत फोन लावला, तर एक गोड आवाज म्हणाला, "आपली तक्रार नोंदवली आहे."

"तक्रार कसली गं बाई, नुसतं विचारतेय," असं ती म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

त्याच दुपारी देवळात प्रवचनकार आले होते. दयाळू क्वानयिन माउलीची कथा ते गाऊन सांगायचे, आणि कडवं संपलं की बायांनी "अमितोफो" असं बुद्धाचं नाव घेऊन सूर धरायचा. तालासाठी लाकडी मासोळीवर टक टक टोला पडत होता. "माउलीला हजार हात कशाला?" प्रवचनकारांनी विचारलं, आणि स्वतःच आळवून सांगितलं, "हाका हजार दिशांनी येतात, म्हणून!" एरवी या ओळीला चाईयुनचे डोळे भरून यायचे. आज तिच्या मनात आलं, हात हजार असतील, पण द्यायला काही हवं ना त्यांत?

शेवटचा सूर विरला न विरला, तोच ती उठून उभी राहिली.

"बायांनो, रोज सात-आठ पार्सलं कमी पडताहेत. पाठवा काहीतरी. कोणालाही पाठवा!"

"कोणाला पाठवू?" फू आजोबा मागून म्हणाले. "माझी निम्मी माणसं इथंच, आणि निम्मी वर गेली. तिथवर जाते का तुझी तीनचाकी?"

"मग इथंच पाठवा, शेजारी पाठवा! पण रिकामी पेटी एकही नको हं. रिकामी सापडली तर कंपनीवाले खोटं पार्सल धरतात, आणि त्याच दिवशी कुलूप."

गाव कामाला लागलं. फू आजोबांनी शेजारच्या घरी एक रताळं धाडलं. ते रताळं घाट उतरलं, जिल्ह्याच्या गोदामात मुक्काम करून हांगचौ शहरातल्या छाननी केंद्रात गेलं, तिथं लांबच लांब सरकत्या पट्ट्यांवर फिरलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढून वीस पावलांवरच्या दारात उतरलं.

"मी जन्मात हांगचौ पाहिलं नाही," आजोबा गावभर सांगत सुटले, "आणि माझं रताळं बघून आलं!"

सहाव्या दिवशी सरासरी तिसावर पोचली. चाईयुनला तरी झोप नव्हती. आणि सातव्या दिवशी सकाळीच कंपनीची गाडी दारात येऊन थांबली. जिल्हा कचेरीतले खांगसाहेब उतरले, मान उन्हानं भाजलेली.

"एकाच गावातून त्याच गावाला एवढी पार्सलं? आमच्या मशीननं लाल खूण केलीय, ताई. खरं सांगा, हवा भरून पाठवताय ना?"

"हवा इथं हवी तेवढी फुकट मिळते, साहेब. तिला पेटी कशाला लागते?"

साहेब हसले, पण कात्री त्यांनी बाहेर काढलीच. आज वाटायची पार्सलं ज्याची त्याला बोलावून उघडली जाऊ लागली. कोणाच्या पेटीत लोणच्याची बरणी, कोणाच्या पेटीत शिवलेले कापडी जोडे, एकीत नुसता धार लावलेला विळा. दुकानात जत्रा भरली होती.

मग एक पेटी काट्यावर चढली आणि काटा जवळजवळ हललाच नाही.

पाठवणार लौ आजी. घेणार छाओ आजी.

दोघी सख्ख्या जावा, मधे एकच भिंत. लौ आजीच्या अंगणातल्या क्वेईच्या सुवासिक फुलझाडाची एक फांदी छाओ आजीच्या अंगणात झुकायची आणि शरदात पिवळ्या बारीक फुलांचा सडा घालायची. अकरा वर्षांपूर्वी कसल्याशा भांडणात लौ आजीनं ती फांदी तोडली. तेव्हापासून बोलणं बंद. देवळातसुद्धा दोघी दोन टोकांना बसायच्या, आणि एकीचं "अमितोफो" संपल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही.

"लौ आजी, काय घातलंय हो यात?" चाईयुननं विचारलं.

दारापाशी उभी लौ आजी जमिनीकडे बघत म्हणाली, "जे आहे ते तिचं आहे. तिनं बघावं."

"मी नाही घेत," छाओ आजी कडाडली. "हिच्या हातचं पाणी घेत नाही मी!"

खांगसाहेबांनी कात्री खाली ठेवली. "घेणाऱ्यानं नाही म्हटलं तर मला उघडता येत नाही. मग वजन बघून रिकामी लिहावी लागेल, आजी."

चाईयुननं हात जोडायला उचलले आणि तसेच खाली आणले. हात जोडले असते तर छाओ आजी आणखी अडली असती. चाईयुन तिला ओळखून होती. बोटाला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळत आणि सोडत ती उभी राहिली. मनात माउलीचं नाव घ्यायला गेली, तर नावही पुरं होईना.

छाओ आजीनं एकदा चाईयुनकडे बघितलं, एकदा बाहेर उभ्या तीनचाकीकडे. मग पेटी ओढली आणि कात्री न घेता नखांनीच फाडली.

सुगंध आधी आला. दुकानभर पसरला, लोणच्याच्या वासावर मात करून. पेटीत तळापासून काठापर्यंत वाळवलेली क्वेईची फुलं होती, इतकी हलकी की आजीच्या श्वासानं वरची चार उडाली.

तिनं एक फूल चिमटीत धरून उजेडात फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "वाळवायचं तरी नीट येतं का हिला? देठं तशीच ठेवलीत." उडालेली चार फुलं मात्र तिनं वेचून पेटीत टाकली. "लिहा हो साहेब. रिकामी नाही." आणि पोचपावतीसाठी अंगठा पुढे केला.

खांगसाहेबांनी फुलांचा वास छातीत भरून घेतला आणि लिहून टाकलं. "तीन महिने केंद्र चालू. मग मशीन पुन्हा मोजेल, ताई. माझ्या हातात एवढंच आहे."

गाडी घाटाला लागली. चाईयुन पोत्यावर बसली आणि बसल्या बसल्या बोटांवर मोजायला लागली. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, रोजची तीस...

संध्याकाळी तोच हिशेब चालू असताना समोर काट्यावर एक पेटी आपटली. छाओ आजी!

"काय आहे, आजी?"

"त्याच फुलांच्या साखरपाकाची बरणी. लौकडे पाठव."

"अहो, भिंतीवरून द्या की! हिला हांगचौला कशाला फिरवता?"

"भिंतीवरून दिली तर तुझं मशीन मोजेल?" आजी खेकसली. "नाव नीट लिही. आणि तिला सांग..." ती थांबली. "नको. काही सांगू नको. नुसतं नाव लिही."