उचललेला अंगठा

मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे, हातात मावणारा, प्लास्टिकच्या कवचात बंद केलेला. उड्डाणाआधी विमानात काय काय तपासायचं ते माझ्यावर ओळीने छापलेलं आहे. सहवैमानिक एकेक ओळ मोठ्याने वाचतो, कॅप्टन ती गोष्ट हाताने चाचपतो आणि उत्तर देतो. बस, एवढंच माझं काम. पण मित्रांनो, एवढ्याशा कामापायी मी जन्मभर भीत आलो आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

माझा जन्म काठमांडूच्या एका छापखान्यात झाला. आम्ही दोघे जुळे भाऊ. एकोणीस आसनांच्या दोन लहान विमानांत आमची नेमणूक झाली. नवा होतो तेव्हा काय माझा थाट! कॅप्टन योगेंद्र तुलाचन मला रुमालाने पुसून हातात घ्यायचे. "हा तक्ता म्हणजे आपला म्हातारा बा आहे," असं ते सहवैमानिकांना सांगत. "तेच तेच विचारतो म्हणून त्याच्यावर चिडायचं नाही."

दुसऱ्या वर्षी माझा भाऊ एका डोंगरावरून गोणत्यात घालून परत आला. त्याच्या कडा जळून काळ्या पडल्या होत्या. चौकशी करणाऱ्यांनी त्याला उलटून पालटून पाहिलं, पण शेवटची कुठली ओळ वाचली गेली आणि कुठली राहिली, ते त्याला सांगता येईना. त्या दिवसापासून इंजिनाची घरघर सुरू झाली की मी माझ्या ओळी पहिल्यापासून मोजायला लागतो.

वैमानिक म्हणजे टोपी घालून आभाळात मजेत फिरणारा माणूस, असं तुम्हाला वाटत असेल. आमचे तुलाचनसाहेब पहाटे उठून आधी आभाळ बघत. मग विमानाभोवती फिरून पंख, चाकं, पंखे सगळं हाताने चाचपत. माणसं त्यांच्या बोचक्यांसकट वजनकाट्यावर चढवत आणि किती इंधन घ्यायचं, कुठल्या खिंडीतून जायचं, खिंड बंद झाली तर कुठे वळायचं, हे सगळं उडण्याआधी ठरवत. डोंगरातल्या धावपट्ट्या आखूड असतात, उताराच्या असतात आणि पट्टी संपते तिथे दरी सुरू होते.

अठ्ठावीस वर्षं हे सगळं केल्यावर साहेबांना मी तोंडपाठ झालो. ते माझ्याकडे बघेनासे झाले. शेजारचा ओळ पूर्ण वाचायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. माझ्यावर चहाचे डाग पडले, एक कोपरा दुमडला. एकदा तर कोणीतरी माझ्यावर गुंद्रुकचं, म्हणजे आंबवलेल्या पाल्याचं, लोणचं ठेवून ढिंडो, म्हणजे पिठाची घट्ट उकड, खाल्ला. अपमानाचं मला फार वाटलं नाही. आपल्याला पाठ करून उत्तरं देणाऱ्या माणसाची मात्र मला धडकी भरायला लागली.

त्याच सुमारास सिर्जना राई सहवैमानिक म्हणून आली. तेवीस वर्षांची, बारीक आवाजाची, पण शिस्तीची. वाचताना ती चालू ओळीवर अंगठा दाबून धरायची. मध्ये कोणी बोललं, रेडिओ वाजला, तरी अंगठा हलत नसे. हा आमच्यातला नियमच आहे. वाचन तुटलं तर अंगठा जागेवर ठेवायचा, आणि तो उचलला गेला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं. तिच्या अंगठ्याखाली मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. आम्ही ढुंगेखर्कच्या धावपट्टीवर उतरलो होतो. मागे स्ट्रेचरवर गावातले मास्तर होते, कड्यावरून पडून त्यांची मांडी मोडली होती. सकाळचे दहा वाजले होते आणि खालच्या दरीतून ढग वर चढायला लागले होते. खिंड एकदा भरली की दुसऱ्या दिवसापर्यंत सुटका नव्हती. उजवं इंजिन चालू होतं. डावीकडच्या दारातून माणसं अजून चढत होती, म्हणून डावं इंजिन बंद होतं. साहेबांना घाई झाली.

"वाच गं बहिनी, तोवर आपलं उरकून घेऊ," ते म्हणाले. धाकट्या मुलींना ते बहिनी, म्हणजे लहान बहीण, म्हणत.

डावं इंजिन सुरू झाल्यावर वाचायचं ते त्यांनी आधीच वाचायला लावलं. सिर्जनाने वाचायला सुरुवात केली. तिचा अंगठा सरकत सरकत 'फ्लॅप' या ओळीवर आला. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या पट्ट्या. आखूड धावपट्टीवरून उडताना त्या खाली झुकवाव्या लागतात, नाहीतर विमान वेळेवर जमीन सोडत नाही. तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात साहेबांच्या खिडकीत धावपट्टीवर काम करणारा जितमान उगवला. हातात पेंढा भरलेली टोपली. साहेबांना तो दाइ, म्हणजे दादा, म्हणायचा.

"दाइ, माझ्या बहिणीला एवढी अंडी द्या! ती येईल विमानतळावर."

"अरे, हे विमान आहे की तुझं खेचर?"

"खेचर असतं तर तुम्हाला विचारलं असतं का? खेचर अंडी फोडत नाही."

साहेब हसले. त्यांनी टोपली आत घेतली आणि सिर्जनापुढे केली, "धर."

मोठ्या माणसाने काही दिलं तर ते दोन्ही हातांनी घ्यायचं, हे त्या मुलुखात पोरांना चालायच्या आधी शिकवतात. सिर्जनाने दोन्ही हात पुढे केले. मी तिच्या मांडीवर पडलो होतो आणि माझ्यावर कोणाचाच अंगठा नव्हता.

दार लागलं. डावं इंजिन सुरू झालं. "कुठे होतो आपण? ट्रिम," साहेब स्वतःच म्हणाले आणि पुढची सगळी उत्तरं त्यांनी घडाघडा दिली. ट्रिमची, म्हणजे विमानाचा तोल साधायची, ओळ फ्लॅपच्या खालची आहे, हो! मी ओरडत होतो, पण कागदाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? विमान वळून पट्टीच्या टोकाला उभं राहिलं. समोर उतार, उताराच्या शेवटी पांढरा ढग आणि ढगाखाली दरी. मला भावाच्या जळक्या कडा आठवत होत्या. साहेबांनी ब्रेक दाबून दोन्ही इंजिनांना पूर्ण जोर दिला. सगळं विमान थरथरत होतं आणि मीही.

सिर्जनाने टोपली पायाशी नीट ठेवली. ठेवता ठेवता ती थबकली. तिने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला.

मागच्याच महिन्यात एका सहवैमानिकाने मध्ये टोकलं, तर साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं होतं, "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून उडवतोय मी!" हे तिला ठाऊक होतं. मागे मास्तर कण्हत होते. ढग चढत होते.

"सोडतोय ब्रेक," साहेब म्हणाले.

"थांबा!" तिचा आवाज फाटला. "सर, थांबा. मी अंगठा उचलला होता."

"काय?"

"अंडी घेताना. दोन्ही हातांनी घेतली मी. पहिल्यापासून वाचायला हवं, सर."

"बहिनी, खिंड भरतेय! मास्तरांचं काय?"

"पहिल्यापासून, सर," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण अंगठा माझ्या पहिल्या ओळीवर घट्ट दाबलेला होता.

साहेबांनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि इंजिनांचा जोर कमी केला. ती वाचू लागली. ते तुटक उत्तरं देऊ लागले. ती म्हणाली, "फ्लॅप?"

"वीस अंश," साहेब सवयीने म्हणाले आणि त्यांचा हात डोक्यावरच्या दांड्याकडे गेला. दांडा पुढेच होता, म्हणजे पट्ट्या खाली झुकवलेल्याच नव्हत्या. काटा शून्यावर.

साहेबांनी दांडा मागे ओढला आणि काटा विसावर आलाय हे बोट लावून तीनदा पाहिलं. मी एकटाच भित्रा नव्हतो तर.

वाचन पूर्ण झालं तेव्हा खिंड दिसेनाशी झाली होती. साहेबांनी इंजिनं बंद केली. उतारू भडकले. मास्तरांचा भाऊ तर अंगावरच धावून आला, "माणूस तडफडतोय आणि तुम्ही पुस्तक कसलं वाचत बसलात?" सिर्जना मान खाली घालून उभी होती. साहेब तिच्या पुढे येऊन उभे राहिले.

"चूक माझी झाली," ते म्हणाले. "या पोरीने पकडली. नसती पकडली, तर आत्ता आपण सगळे त्या दरीत असतो. मास्तरांच्या उशाशी आज मी बसतो."

आणि ते खरंच बसले. जितमान मात्र टोपली बघून म्हणाला, "दाइ, उद्या तरी न्याल ना? नाहीतर अंड्यांची पिल्लं होतील आणि कोंबड्याच घेऊन जाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं होतं. मास्तरांना आत घेतलं, दार लागलं, दोन्ही इंजिनं सुरू झाली. साहेबांनी मला सिर्जनाच्या मांडीवरून उचललं, रुमालाने पुसलं आणि परत तिच्यापुढे धरलं. दोन्ही हातांनी. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला द्यावं तसं. तिने मला एका हाताने घेतलं, कारण दुसऱ्या हाताचा अंगठा तिने आधीच पहिल्या ओळीवर टेकवला होता.

आता मी शिकाऊ वैमानिकांच्या वर्गात खिळ्याला टांगलेला असतो. तुलाचनसाहेब तिथे शिकवतात. खिडकीबाहेर विमान घरघरलं की अजून मी माझ्या ओळी मोजायला लागतो. मित्रांनो, तुम्ही विमान चालवा की आणखी काही करा, पाठ झालेल्या कामातही बोट ओळीवर ठेवा. आणि कधी उचललंच गेलं, तर समोर कितीही मोठा माणूस असो, तेवढं सांगून टाका. माझ्या भावाच्या विमानात ते कोणी सांगितलं नसावं, असं मला अजून वाटतं.