लोण्यासारखा गिअरबॉक्स

मित्रांनो, मी एक जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. माझ्यामुळे एका मुलीच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर मी माझ्या तरुणपणाच्या गोष्टी सांगत बसेन, तुम्ही माना डोलवाल आणि खरे सांगायचे राहून जाईल.

गिअरबॉक्स काय करतो, ते आधी सांगतो. इंजिनात जोर तयार होतो. तो चाकांपर्यंत किती आणि कसा पोहोचवायचा, हे माझे काम. साध्या गाडीत ड्रायव्हरला दर वेळी डाव्या पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलावा लागतो. माझ्या पोटात पातळ चकत्यांच्या जुड्या आहेत आणि त्यांच्याभोवती लाल ऑइल खेळते. ऑइलच्या दाबाने चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि गिअर आपोआप पडतो. ऑइल कमी झाले की चकत्या नीट आवळत नाहीत. त्या घसरतात, तापतात आणि शेवटी जळतात.

मी बनलो एका मिनीबससाठी. सव्वीस माणसे आणि त्यांचे डबे, एवढेच ओझे. नऊ वर्षे मी ते वाहिले. गिअर पडलेला कोणाला कळतही नसे. उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळत नाही, असे त्या बसचा ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचा. ते ऐकून मी फुगायचो. पुढे बसचे इंजिन गेले आणि मी मास्तरांच्या शेडमध्ये आलो. मास्तर म्हणजे गिअरबॉक्स दुरुस्त करणारे कारागीर. पत्र्याची शेड, मध्ये एक खड्डा, भिंतीला नट-बोल्ट खोलायचे पाने टांगलेले. त्यांनी मला उघडून नवे सील घातले, पुसून लखलखीत केले आणि फळीवर ठेवले. तिथे मी आठ महिने होतो. शेजारी डंपरमधून काढलेला एक थोराड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. मास्तर त्याला रेडा म्हणायचे.

एके दिवशी एक ड्रायव्हर आपल्या मुलीला घेऊन आला. बंद पडलेली, अपघातात सापडलेली जड वाहने ओढून नेणारा त्याचा डिझेलचा ट्रक होता. बावीस वर्षे क्लच दाबून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, क्लच किंवा गुडघा, दोन्हीपैकी एकच ठेवा. ट्रकला ऑटोमॅटिक बसवता आला तर धंदा चालणार होता. नाहीतर ट्रक विकायचा, हे घरात ठरले होते.

मुलगी चोवीस वर्षांची होती. चार वर्षे ती बापाबरोबर कामावर जात होती. साखळ्या अडकवणे, हूक लावणे, चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवणे, ही कामे तिची. जड वाहनाचे लायसन्सही तिने काढले होते. पण मागे ओझे असले की बाप तिच्या हाती स्टिअरिंग देत नसे.

तिने दोन्ही गिअरबॉक्सचे कागद वाचून काढले.

"बाबा, हा मिनीबसचा आहे. आपलं इंजिन हळू फिरतानाही केवढा जोर टाकतं. याला झेपणार नाही. रेडा घेऊ."

"रेड्याला चार दिवस जास्त लागतील," मास्तर म्हणाले. "वीतभर लांब आहे, चाकांकडे जाणारा शाफ्टचा दांडा कापावा लागेल. आणि गिअर टाकताना लाथ मारतो, गाडीला हिसका बसतो, आधीच सांगून ठेवतो."

"लाथ मारतो म्हणजे पकडतो. ओढायला पकडच लागते ना?"

"लाथ तुझ्या गुडघ्याला नाही बसणार," बाप म्हणाला. "हा आधी लावून बघू. बघायला काय जातंय?"

माझे बोल्ट त्या ट्रकला थोड्याफार फेरफाराने जुळले. दोन दिवसांत मी आत बसलो. ड्रायव्हर मला घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आणि परत आला. सपाट रस्ता, मागे काही नाही. मी माझे सगळे कसब दाखवले. पहिला, दुसरा, तिसरा, एकही गिअर त्याला जाणवू दिला नाही. त्याचा डावा पाय नुसता पसरून पडला होता. कितीतरी वर्षांनी तो गाडीतून न कण्हता उतरला.

"लोण्यासारखा आहे, मास्तर."

"रिकाम्या गाडीवर काय कळणार?" मुलगी म्हणाली. "मागे काहीतरी लावून चढावर नेऊ."

"लावलं असतं," मास्तर म्हणाले, "पण लावायला आज काही नाही."

मित्रांनो, शेडच्या मागे माझीच जुनी मिनीबस उभी होती, इंजिन नसलेली. ती मला दिसत होती आणि मास्तरांनाही दिसत होती. आठ महिने न खपलेला माल एकदाचा जात होता. ते गप्प राहिले आणि मीही. रेड्याला त्या ट्रकमध्ये बसवून पाहण्याची वेळ तेव्हा आलीच नाही.

पुढचे चौदा महिने माझ्या कौतुकाचे होते. भेटेल त्याला ड्रायव्हर सांगायचा, "लोक गुडघा बदलतात, मी गिअरबॉक्स बदलला." तो जिना चढताना आता कठडा धरत नाही, असे त्याची बायको शेजारणीला सांगत होती. हे मी ट्रक दारात उभा असताना ऐकले.

आणि मी घसरत होतो. फार नाही, दर चढावर थोडासा. चकत्या आवळायला क्षणभर उशीर व्हायचा आणि त्या उशिरालाच ते मऊपणा समजत होते. रेड्यासारखी लाथ मी एकदा जरी मारली असती, तरी त्यांनी मला उघडून पाहिले असते. पण लोण्यासारखा म्हणवून घ्यायची मला चटक लागली होती.

दहाव्या महिन्यात माझ्या एका नळीच्या सांध्यातून ऑइल पाझरू लागले. उभ्या ट्रकखाली दिवसाला चार-सहा थेंब, चढावर दाब वाढला की कितीतरी जास्त. ड्रायव्हर निष्काळजी नव्हता. रोज सकाळी ट्रक सुरू करण्याआधी तो माझे ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा घालून बघायचा. बावीस वर्षे इंजिनाचे ऑइल त्याने असेच पाहिले होते. पण माझे ऑइल असे बघायचे नसते. इंजिन बंद असले की वर खेळणारे ऑइल खाली उतरून साचते आणि पट्टीवर भरलेले दिसते. खरे माप कळते ते गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवून. मास्तरांनी हे मुलीला सांगितले होते. मुलीने ते बापाला सांगितले.

"बावीस वर्षं झाली मला ऑइल बघायला लागून," बाप म्हणाला. "तू दुधाची बाटली धरायचीस तेव्हापासून बघतोय. आता तू शिकवणार?"

ती ट्रकच्या पायरीवर बसून हातमोजे घालू लागली.

तो दिवस आला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. फरशांनी भरलेला एक ट्रक वळणाच्या चढावर बंद पडला होता. रस्ता ओला होता. त्याचे पुढचे तोंड उचलून आम्ही ओढायला लागलो. पहिले वळण निघाले. दुसऱ्या वळणावर इंजिन नुसते ओरडू लागले आणि चाके थांबली. माझ्या चकत्या जळत होत्या. पकड सुटली होती.

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पण मागच्या ओझ्याने ट्रकची पुढची चाके हलकी झाली होती, ती ओल्या रस्त्यावर धरेनात आणि एकट्या मागच्या चाकांना एवढे ओझे आवरेना. सगळे धूड मागे सरकू लागले, अगदी हळू. मुलगी ठोकळा घेऊन उतरली. तिने तो आमच्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली सरकवला, पण हात काढायला तिला अर्धा क्षण कमी पडला. ठोकळ्याने चाक धरले आणि ट्रक थांबला. तिच्या करंगळीची आणि शेजारच्या बोटाची दोन-दोन पेरे गेली.

पाचव्या दिवशी मास्तरांनी मला खड्ड्यावर उघडले. चकत्या कोळशासारख्या झाल्या होत्या. ऑइल तीन लिटर कमी होते. ड्रायव्हर आणि त्याची बायको उभी होती. मुलगी हाताला बँडेज बांधून उलट्या डब्यावर बसली होती.

"मी रोज पट्टी बघत होतो," ड्रायव्हर म्हणाला. "रोज. भरलेलं असायचं."

"इंजिन चालू ठेवून?" मास्तरांनी विचारले.

ड्रायव्हरने मानेनेच नाही म्हटले.

"ताईला सांगितलं होतं मी," मास्तर म्हणाले.

"मी बाबांना सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "एकदा."

बापाने तिच्याकडे पाहिले. "मग परत का नाही सांगितलंस?"

ती बँडेजच्या सुटलेल्या टोकाशी चाळा करू लागली. "रोज बघायचे मी तुम्हाला. इंजिन बंद, पट्टी बाहेर. मनात म्हणायचे, पडू दे एकदा बंद, मग येतील विचारायला. बंदच पडेल असं वाटलं होतं, बाबा. मागे येईल असं नव्हतं वाटलं."

तिच्यावर कोणी रागावले नाही. बापाने खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरला.

"दोन दिवस आधी पुलाच्या चढावर इंजिन असंच ओरडलं होतं," तो म्हणाला. "गाडीने जोर धरला नाही. मला कळलं होतं. पण तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, रेडा घ्यायला हवा होता. म्हणून नाही सांगितलं."

मास्तर हात धुवायला गेले. साबणाने धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मिनीबसबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांनी ती ढकलत ढकलत शेडच्या पुढे आणून ठेवली. आता कोणीही गिअरबॉक्स बघायला आला की ते आधी ती त्याच्या गाडीला मागे अडकवतात आणि चढावर धाडतात.

ड्रायव्हरने ट्रक विकायचे काढले.

"विकून बोटं परत येणार असतील तर विका," मुलगी म्हणाली.

तेव्हा इतका वेळ न बोललेली त्याची बायको बोलली. आवाज न चढवता, भाजी निवडताना बोलावे तसे. "अहो, दोन धड गुडघ्यांची ड्रायव्हर चार वर्षं तुमच्या शेजारी बसली होती. क्लच तिने दाबला असता. तुम्ही गिअरबॉक्स शोधत हिंडलात."

मित्रांनो, हे वाक्य ऐकले आणि मला कळले की मी चुकीचा निवडला गेलो, एवढीच चूक झाली नव्हती. त्या घराला तेव्हा माझी गरजच नव्हती. ऑटोमॅटिकची गरज आता पडली होती. तीन बोटांच्या हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने गिअर टाकणे तिला जमणार नव्हते.

रेडा बसवायला सहा दिवस लागले. शाफ्ट कापला. समोर ऑइल थंड ठेवणारी मोठी जाळी बसवली. मग मागे मिनीबस लावून बाप त्याच चढावर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दर गिअरला धक्का थेट गुडघ्यात बसत होता.

"पकडतो कडक," तो म्हणाला, "पण मला नाही जमायचं."

"तुम्हाला कोण म्हणतंय? सरका तिकडे."

तो सरकला. आता ती चालवते. तो साखळ्या अडकवतो, खाली बसवत नाही म्हणून एक चौरंग बरोबर ठेवतो. "तिचा हात, माझा पाय," तो मास्तरांना म्हणाला. "दोघं मिळून एक धड माणूस होतो." मास्तर हसले नाहीत. तोही हसला नाही.

मी आता शेडच्या कोपऱ्यात उघडाच पडून आहे. चकत्या काढलेल्या, पोट रिकामे. आवाज करायचा म्हटले तरी आत वाजेल असे काही उरलेले नाही.

परवा ती रेड्याची तपासणी करायला आली होती. मास्तर आत गेले तेव्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मला लाथ मारली असती तर मला बरे वाटले असते. तिने फडके घेतले, माझ्यावर साचलेली धूळ पुसली आणि उघड्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून ते फडके वर पसरून ठेवले. उजव्या हाताने, हळूहळू, कारण त्या हाताला अजून नीट पकड येत नाही.

मित्रांनो, यंत्रांचे ऑइल वेळेवर बघा आणि ते कसे बघायचे, ते आधी विचारून घ्या. पण एवढ्यावर थांबू नका. तुमच्या घरात कोणाचे सगळे अगदी सुरळीत चालले आहे असे वाटत असेल, तर त्याच्या जवळ बसून विचारा, तुला हे झेपतंय ना? आणि हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला, तर शहाण्यासारखे खरे सांगा. माझ्यासारखे गुळगुळीत चालत राहू नका. माझ्या गुळगुळीत चालण्याची किंमत दुसऱ्या कोणी दिली, आणि ती अजून माझी धूळ पुसते.