देव्हाऱ्यातलं गाडीचं पुस्तक

गाडीचं तेल बदलायचं काम दादांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. दादा म्हणजे माझे वडील. वारणानगरला साखर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातनं ही पेट्रोल गाडी घेतली. आठ वर्षं झाली. ही गेली तर दुसरी न्हाय.

त्यात रविवारी वर्षाराणीताईला आणायचं होतं. आठवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी. तिचं सासर साखरप्याला, म्हणजे येताना आंबा घाट चढायचा. घाटातच इंजिन जाम झालं तर?

मी कोर्स-बिर्स काय केलेला न्हाय. सगळं मोबाईलवर बघून शिकलोय. खरं सांगतो, थोडा माज होता.

"ट्रॅक्टरचा अर्धा कॅन हाय की," दादा म्हणाले. "२०डब्ल्यू-४०. दाट तेल, दमदार तेल."

"दादा, आता पातळ तेलाचा जमाना हाय. ०डब्ल्यू-१६. ॲव्हरेज वाढतंय."

"पाण्यागत तेल घालून इंजिन खातोस व्हय रं?"

कोणच ऐकंना. शेवटी दोघंबी उद्यमनगरात अंबूबाईंच्या दुकानात. वीस वर्षं स्पेअर पार्टचं काउंटर त्याच सांभाळत्यात.

"मावशी, ०डब्ल्यू-१६ द्या. चार लिटर." मी ऐटीत.

"न्हाय देणार."

"का?"

"गाडीचं पुस्तक काय म्हणतंय, पावणं?"

मी दादांकडं बघितलं. मग दादाच हळू बोलले, "पुस्तक देव्हाऱ्यात हाय. दसऱ्याला गाडी घेतली, पूजेला ठेवलं, ते तिथंच ऱ्हायलं. दर खंडेनवमीला फूल वाहतो."

"देवाला वाचायला दिलंय व्हय!" अंबूबाई काउंटरवर हात आपटून हसल्या. "लावा घरी फोन."

आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आंघोळ झाल्याबिगर हात लावू त्याला?"

"लाव गं!" दादा म्हणाले.

"कुंकवानं पानं चिकटल्यात की रं..." आई नखानं पानं सोडवत होती, आमी तिघं मोबाईलवर वाकलेलो. "इंजिन ऑईल... पाच, डब्ल्यू, तीस."

म्हणजे दादाबी चुकले, मीबी.

"काकवी थंडीत वाटीतनं पडती का?" अंबूबाईंनी दादांना विचारलं. "तसं तुमचं दाट तेल. सकाळी चावी मारली की वर पोचंस्तवर इंजिन कोरडं घासतंय." मग माझ्याकडं वळल्या. "आणि तुझं लईच पातळ. ह्या इंजिनाला घाटात तापल्यावर पुरायचं न्हाय. पहिला आकडा थंडीचा, दुसरा तापल्यावरचा. ज्यानं इंजिन बनवलं त्याला इचारा, मोबाईलला कशाला?"

मी मागितलेला तो कॅन महाग होता. विकला असता तर अंबूबाईंना जास्त पैसे सुटले असते. ते मला घरी येताना कळलं.

मी पुस्तकातलंच तेल घातलं. रविवारी ताईला घेऊन घाट चढलो. निम्मी वाट ती झोपलीच होती. इंजिन तापल्याचा काटा एकदाबी वर गेला न्हाय. वर आल्यावर दादांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. "अंबूबाईंना फोन लाव."

याआधी कुणाचे आभार मानायला दादांनी फोन केल्याचं मला आठवत न्हाय.

"घाट चढलो, बाई. पोरगी सुखरूप हाय. लई उपकार झाले."

"उपकार कसले! माझ्या हाताला पीठ लागलंय. पुस्तक परत देव्हाऱ्यात न्हाय न्हवं ठेवलं?"

दादांनी काचेतनं मागच्या सीटकडं बघितलं.

"न्हाय," म्हणाले. "लेकीच्या मांडीवर हाय."