भरवशाचा पिचर

थोरलीचं सकाळपासून कामात लक्ष लागत नव्हतं, आणि ज्याच्यामुळे लागत नव्हतं तो पठ्ठ्या शेजारच्या खोलीत खांद्यावर बर्फाची पिशवी धरून पडला होता. तिचा धाकटा भाऊ. बेसबॉलच्या संघातला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. उद्या फायनल होती. खांदा कधीपासून ठणकत होता, आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती.

बाबा म्हणजे त्याच संघाचे मॅनेजर. कोणी टाकायचं, कोणी बाकावर बसायचं, सगळं त्यांच्या हातात. डॉक्टरांनी तर स्पष्ट बजावलं होतं, असाच टाकत राहिलास तर हात कायमचा जाईल. तेही फक्त तिलाच माहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शपथ मोडली तर भाऊ जन्मात तोंड बघणार नाही, पाळली तर त्याचा हात जातो. खरं तर असली शपथ घालणाऱ्याच्या कानाखाली एक वाजवायला हवी होती. पण ती पडली थोरली, आणि थोरल्यांनी सगळं गिळायचं असतं.

ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. सध्या बेसबॉलचाच खेळ चालू होता आणि त्यात माणसाविरुद्ध संघ खेळवणारा कॉम्प्युटरचा मॅनेजर तिने लिहायचा होता. डावपेच तिने घरातूनच उचलले. जेवताना बाबा बोलायचे आणि ती ते जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये घालायची. चेंडूचा वेग पडला की पिचर दमला असं समज आणि त्याला काढ. एकदा काढलेला त्या सामन्यात परत येत नाही, तेव्हा उगाच घाई करू नकोस. आणि मग बोट नाचवत, "पण भरवशाचा जो असेल ना, त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. तो दमत नसतो."

न दमणारा माणूस कुठे असतो का? तिला तेव्हाच खटकलं होतं. पण बाबांशी वाद कोण घालणार? तिने तोही नियम मुकाट्याने लिहून टाकला होता. बाबांचा भरवशाचा पिचर म्हणजे धाकटाच, त्यामुळे आता तोच नियम तिचं डोकं खात होता.

संध्याकाळी तिने धीर केला. आपण तोंड उघडायचं नाही, काय ते यंत्रच दाखवेल. "बाबा, तुमचा चेला कसा खेळतो बघा तरी," ती म्हणाली.

बाबा खुर्ची ओढून बसले. ती बॅटिंग करत होती, समोर कॉम्प्युटरचा संघ. पहिल्या काही इनिंगमध्ये बाबा खूश. "वा रे वा! अगदी माझ्यासारखा खेळवतोय लबाड." मग पडद्यावर कॉम्प्युटरच्या पिचरच्या चेंडूचा वेग दाखवणारा आकडा उतरायला लागला.

"आता काढेल बघ त्याला."

कॉम्प्युटरने काढलं नाही. तिने पुढचा चेंडू लांब टोलवला. त्याच्या पुढचाही.

"अरे, दमलाय तो! हातात जोर उरला नाही, दिसत नाही का याला?" बाबा खुर्चीच्या काठावर आले. पिचरने पुन्हा हात उचलला. "काढ ना त्याला, ठोंब्या! पोराचा हात मोडायचाय का तुला?"

ती बोलली, "तुमचाच नियम आहे बाबा. भरवशाचा आहे ना तो."

बाबा खुर्चीत मागे टेकले. पडद्यावरचा पिचर टाकतच होता.

"बंद कर ते."

तिने बंद केलं.

"तू काही बोलू नकोस," बाबा म्हणाले. "शपथ घातली असेल त्याने. मला माहीत आहे. घरातला बर्फ रोज कोण संपवतंय, हे कळत नाही होय मला?"

तिचं डोकंच फिरलं. इतके दिवस ती घाबरून मरत होती, आणि यांना माहीत होतं! "मग विचारलं का नाही त्याला?"

"विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं." बाबांनी मान वर केली नाही. "मग बाकावर बसवावं लागलं असतं."

तिला बापाची लाजही वाटली आणि कीवही आली. ती काही बोलणार, तेवढ्यात ते उठले आणि शेजारच्या खोलीत गेले. ती मागोमाग धावली.

"उद्या तू बाकावर बसायचंस," बाबा म्हणाले.

धाकटा ताडकन उठला आणि तिच्यावर डोळे वटारून म्हणाला, "सांगितलंस ना शेवटी?"

"तिने एक शब्द काढलेला नाही."

"मला काही झालेलं नाही बाबा! हे बघा, टाकू शकतो मी." त्याने हात उचलला. तो कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला. पोराचा चेहरा पांढराफटक पडला, तरी तो हात खाली घेईना.

बाबांनी त्याचं कोपर धरलं आणि हात हळूहळू खाली आणला.

"मला दिसत होतं रे," ते म्हणाले. "रोज दिसत होतं."