नजर हलली की

नजर डावीकडून उजवीकडे नेली की डोक्यात वीज चमकायची. दुखायचं नाही. क्षणभर सगळं तुटायचं आणि पुन्हा जुळायचं. पण मुद्रितं तपासणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य नजर डावीकडून उजवीकडे नेण्यातच जातं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक झटका. पान संपेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असे.

वाटलं, मेंदूतली शीर फुटते आहे. त्याहून मोठी भीती निराळीच होती. ते जुनं आजारपण, ते नैराश्य परत आलं असेल तर? त्या वेळी भिंतीकडे तोंड करून मी पडून राहिलो होतो, बायको घास भरवत होती. या खेपेला त्यातून बाहेर येणं जमेल असं वाटत नव्हतं. तिने एकदा सगळं निस्तरलं. पुन्हा कोणत्या तोंडाने सांगणार?

"अहो, कागद उलटे धरलेत," बायको म्हणाली.

खरंच उलटे होते. मी वाचत असल्याचं नाटक करत होतो.

"अशानेच छापखान्यात नाव झालं का तुमचं?"

मी हसायला गेलो आणि रडूच आलं. कशाचं, ते मलाही कळेना. कागद हातातून सुटून जमिनीवर पसरले. ते तसेच ठेवून ती माझ्यासमोर बसली.

"बोला आता."

"डोक्यात वीज चमकते. नवी गोळी सुरू झाल्यापासून. ती मला सोसत नाही. मी आता कुठलीच गोळी घेणार नाही."

"थांबा. जुनी हळूहळू कमी करायची होती ना? ती घेताय की नाही?"

"ती मी काढली."

"काढली म्हणजे?"

"दोन्ही एकाच कामाच्या. एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी आले की एक काढावा लागतो. मला वाटलं, नजरचुकीने राहिली असेल."

"डॉक्टरांचं लिहिलेलं तुम्ही तपासलंत?"

मला फोनवर बोलायचा संकोच. तिनेच फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. शीर वगैरे काही नाही, म्हणाल्या. शरीराला इतक्या वर्षांची सवय. जुनी गोळी एकदम तोडली म्हणून ते बिथरलंय. आज ती पुन्हा सुरू करा, नवीही चालू ठेवा, उद्या या. मग अगदी थोडी थोडी कमी करू.

"जुना आजार नाही ना?"

"आत्ता तसं वाटत नाही. उद्या बघूच. पण एकटे राहू नका. आणि मरावंसं वाटलं तर उद्याची वाट न बघता तडक फोन करा."

किती सहज म्हणाल्या. मी त्या शब्दाच्या आसपाससुद्धा फिरकायला घाबरत होतो.

गोळी घेतली. लगेच काही बदललं नाही, बदलणारही नव्हतं. बायको स्वयंपाकघरात जाताना म्हणाली, "वीज आली की हाक मारा. लपवायचं नाही."

थोड्या वेळाने मी चोरट्या आवाजात म्हणालो, "आली."

"मोठ्याने!"

"आली!"

"कळलं! येऊ दे, मी आहे!"

मग मिक्सर घरघरू लागला. पुढची हाक तिला ऐकू गेली नाही, त्याच्या पुढचीही नाही. कशाला तिला त्रास, बसून राहावं गुपचूप, असं मनात आलंच. मग भिंतीला धरून उठलो आणि नजर नाकासमोर रोखून, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराकडे निघालो.