अळणी चातुर्मास

“गुरग्या, ही रेघ मारलंस की गांडूळ सोडलंस?”

भाई आपल्या होडीला नाक लावून उभे होते. पांढऱ्या फळीवर गुरुदासनं निळ्या रंगात त्यांच्या आईचं नाव लिहायला घेतलं होतं, ‘मथुरा’. अक्षरं कशीबशी जमली होती. वरची शिरोरेषा मात्र एकदा वर, एकदा खाली.

“पुसतंय,” गुरुदास म्हणाला. त्यानं रॉकेलचा बोळा उचलला, तर तोही हातातून वाळूत पडला.

भाईंचं हसू थांबलं. “तुका बरा नाय काय रे? माझी घाई नाय. पण नारळी पुनव तोंडार इली. माझो झील म्हणता, कुडाळाक रेडियमचो स्टिकर मेळता, तो मारूया. मी म्हटलंय, आवशीचा नाव कोण चिकटवता काय?”

एवढं बोलून भाई गेले. पण स्टिकर हा शब्द तिथंच राहिला.

या किनाऱ्यावरच्या होड्यांची नावं गुरुदासच लिहितो. रंग कोणीही लावेल. शिरोरेषा त्याची. काठीवर मनगट टेकवायचं, श्वास धरायचा आणि एका दमात ओढायची. ती सरळ आली की होडी आपल्या मालकाची झाली, असं तो मानतो.

तीन वर्षांपूर्वी याच गुरुदासनं पावसाळ्यासाठी वर ओढलेल्या सगळ्या होड्या पिवळ्या करून टाकल्या होत्या. कोणाला न विचारता. झोप नाही, भूक नाही, बोलणं थांबेना. म्हणे विमानातून बघणाऱ्याला आपला किनारा सूर्यफुलासारखा दिसला पाहिजे. लोक आधी हसले, मग मारायला धावले. आणि पुढे तोच गुरुदास भिंतीकडे तोंड करून असा पडला, की आंघोळीलाही उठेना. आई त्याला चमच्यानं पेज भरवायची.

कणकवलीच्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटल्यावर त्यानं त्या आपल्या मनानं बंद केल्या, आणि पुन्हा तेच. त्या वेळी बायकोनं, वर्षालीनं, त्याला रत्नागिरीच्या स्टँडवरून शोधून आणलं. अंगात दोन शर्ट, पायात चप्पल नाही. त्यानंतर मात्र गोळी चुकली नाही. घर सुरळीत चाललं. हाताला थोडी थरथर आली होती, पण काठीवर मनगट टेकलं की भागायचं.

गेले काही दिवस भागत नव्हतं. सकाळी मळमळायचं. चालताना पाय भलतीकडेच पडायचा.

दुपारी जेवताना भाताचा घास तोंडापाशी जाईपर्यंत अर्धा सांडला. वर्षाली बघत होती.

“गोळी सोडतंय मी,” तो म्हणाला. “हात गेलो तर मी काय करू? पानपट्टी घालू?”

“घाल. मी पानां लावतंय.”

“मस्करी नको करू गो.”

“मस्करी नाय करणंय.” तिनं त्याचं ताट पुढे सरकवलं. “गोळी सोडलंस म्हणान मी म्हायराक जावचंय नाय. मी हयच रवतलंय. पण तू खंय जातंस, तां मी बघलेला आसा. फाल्या कणकवलीक जाऊया. सोडूची झाली तर बाईंक विचारून सोड.”

चुलीपाशी बसलेली आई, कृष्णाबाई, लाकडं आत सारत राहिली. तो गोळी घ्यायचा तेव्हा ती नेहमीच दुसरीकडे बघायची.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला हात पुढे करायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला सांगितलं. आणि आधी रक्त काढायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“गोळी जास्त घेताय का?”

“नाय. नाही,” वर्षाली सरकारी मराठीत शिरली. “मीच देते रोज.”

“मग रक्तात लिथियम एवढं वाढलं कसं? जुलाब झाले? दुसरी कुठली औषधं, अंगदुखीची वगैरे? खाण्यापिण्यात काही बदल?”

दोघांनी माना हलवल्या. मग वर्षाली अडखळत म्हणाली, “खाण्यात म्हणजे... सासूबाईंनी नवस बोललाय. ह्यांच्या नावानं. आषाढी एकादशीपासून चातुर्मासभर ह्यांनी अळणी जेवायचं. आधी घरात सुका बांगडा नसला तर घास उतरत नव्हता. आता भातात मिठाचा कणसुद्धा नाही.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“नवस कशासाठी?”

“गोळी सुटावी म्हणून,” गुरुदास म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. “मीठ एकदम तोडलं की शरीर हे औषध बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण अंगात साठत गेली. अजून थोडे दिवस गेले असते तर तुम्हाला ॲडमिटच करावं लागलं असतं.”

“मला ही गोळीच नको,” गुरुदास म्हणाला. “माझं काम हाताचं आहे.”

“ठीक आहे, बोलू या त्यावर. दुसरी औषधं आहेत. कोणाला एक लागू पडतं, कोणाला दुसरं, कोणाला दोन मिळून. त्यांचेही त्रास असतात. कशानं वजन वाढतं, कशानं झोप येते. बदलायचंच ठरलं तर हळूहळू, माझ्या नजरेखाली बदलू. पण दोन वर्षं या गोळीनं तुम्हाला जमिनीवर ठेवलंय. आत्ता ती थांबवते, अंगातलं उतरू दे. पाणी भरपूर, जेवण पूर्वीसारखं. तीन दिवसांनी परत रक्त तपासू. मग कमी करून सुरू करायची की दुसरी घ्यायची, ते तुम्ही सांगा.”

“मी?”

“हात तुमचा आहे. डोकंही तुमचंच.”

परतीच्या एस्टीत कसाल येईपर्यंत तो रिपोर्टची घडी घालत, उघडत बसला होता. मग म्हणाला, “आयेक कोण सांगतला?”

“तुझी आवस. तू सांग.”

त्यानं सांगितलं. ओसरीवर बसून, शक्य तितकं हळू. कृष्णाबाई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

“म्हंजे माझ्या नवसान तुका इख घातलंय मी?”

“तसा नाय गो आये. तुका म्हायत नव्हता. माका तरी खंय म्हायत होता?”

“देवाक दिलेलो शब्द मोडूचो कसो?”

ती उठली, पाय धुऊन देवापुढे जाऊन उभी राहिली. वर्षालीनं दिवा लावला. कृष्णाबाईनं हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा रवळनाथा, माझ्या झिलाच्या नावान जो चातुर्मास बोललंय, तो आजपासून माझ्यार घे. मीठ मी सोडतंय. तेका खावक दी. आणि गोळी सुटांदे म्हणान सांगलेला, तां इसर. जी काय गोळी आसात, ती तेका लागू पडांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” वर्षाली म्हणाली. गुरुदासचा आवाज जरा मागून आला.

परत रक्त तपासलं तेव्हा लिथियम बरंच उतरलं होतं. पाय सरळ पडत होते. बाईंनी विचारलं, काय ठरलं? तो म्हणाला, हीच, कमी करून. नाही जमलं तर दुसरी बघू.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्यानं ‘मथुरा’ पहिल्यापासून लिहिलं. काठीवर मनगट टेकलं, श्वास धरला आणि शिरोरेषा ओढली. पार टोकाला, अगदी शेवटी, ती जराशी कापली.

भाई जवळ आले आणि रेघेच्या टोकाशी वाकले. गुरुदासनं बोळा उचलला.

“ऱ्हवांदे,” भाई म्हणाले. “पाण्यात गेल्यार सगळाच हलता. आणि म्हाताऱ्येची मान अशीच हलायची शेवटाक.”

तो घरी आला तेव्हा पानं वाढून झाली होती. त्याच्या ताटात डाव्या बाजूला मीठ होतं. आईच्या ताटात ती जागा रिकामी होती, आणि कार्तिकी एकादशीपर्यंत तशीच राहणार होती. ती अळणी वरण-भात कालवून खात होती, तोंड वाकडं न करता.

जेवण झाल्यावर त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. वर्षालीला हाक मारणार, तेवढ्यात पाण्यानं भरलेला पेला समोर आला. कृष्णाबाईनं धरला होता. तिचाही हात थोडा थरथरत होता, वयानं.

“घे,” ती म्हणाली, आणि गोळी गिळून होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.